टेनिसचा बूट आणि उसाची ट्रॉली

गेल्या हिवाळ्यात उजव्या कोपऱ्यात पडलेला चेंडू गाठायला मी आडवा धावलो, उजवा पाय रोवला आणि पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडलं. पायात धावण्याचे बूट होते. नवे, महागडे आणि मऊ. दुकानात घालून पाहिले तेव्हा गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं होतं, आणि तेवढ्यावरच मी ते घेतले होते. डॉक्टरांनी घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या जरा पुढे बोट टेकवलं आणि कळ थेट मस्तकात गेली. पाय असा मुरगळला की बहुतेक वेळा तिथलाच अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, दुखावतो.

चूक बुटाची नव्हती, निवडीची होती. धावताना पाय सरळ पुढे जातो आणि प्रत्येक पावलाला जमिनीचा दणका शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असतो. तो झेलायला त्या बुटाची टाच जाड आणि मऊ ठेवतात. रंकाळा तलावाला चकरा मारायच्या असतील तर ते योग्यच. टेनिसमध्ये मात्र निम्मा खेळ आडवा असतो. धावा, थांबा, वळा, परत मागे या.

आता उसाचा हंगाम आठवा. कारखान्याकडे निघालेली ट्रॉली वळणावर आली की मागचा मोटारसायकलवाला आपसूक अंतर ठेवतो. माल जितका उंच रचलेला, तितकी ती वळणावर कलंडायला सोपी. पायाचंही हेच गणित आहे. आडवं धावताना पाय रोवला की तळवा जमिनीला धरून थांबतो, पण अंगाचा वेग थांबत नाही. घोटा जमिनीपासून जितका वर, तितका त्याला उलटवणारा जोर जास्त. त्यात फोम मऊ असेल तर भार पडलेली बाहेरची कड दबते आणि पायाखाली उतारच तयार होतो. म्हणून टेनिसच्या बुटाचा तळ बुटका आणि घट्ट असतो, चवड्याखाली रुंद असतो, आणि बाहेरच्या अंगाला रबर थोडं वर चढवलेलं असतं.

हे दुकानात हातानं तपासता येतं. टाचेमागची वाटी अंगठ्यानं दाबा, ती सहज आत जाता कामा नये. मग बूट दोन्ही हातांत धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळा. मधे सहज पिळला गेला तर ठेवून द्या. टोक आणि टाच धरून वाकवा. घडी चवड्यापाशी पडायला हवी, कारण आपला पाय तिथंच वाकतो. तळव्याच्या कमानीखाली बूट मुडपत असेल तर आधार कसला?

मापाबाबत आपल्या कोल्हापूरकरांना एक सवय नडते. चपलेनं आपल्याला शिकवलंय की पहिले काही दिवस ती चावणारच, तेलाचा हात फिरवायचा, मग बसते. चपलेबाबत ते खरं आहे. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं जाळं. घाम, ऊब आणि वजनानं ते ताणलं जातं आणि पायाचा आकार घेतं. बुटाची जाळी पॉलिएस्टरची असते, ती फारशी ताणली जात नाही. ‘वापरून सैल होईल’ या आशेवर घेतलेला बूट शेवटपर्यंत करंगळी आणि नखं खातो. दुकानात लागला, म्हणजे लागला.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. खेळताना घालता तेच मोजे न्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा सोडा, दोन पायांत मोठा असेल त्याच्या मापानं घ्या. आपल्याकडच्या मापात एका नंबराचा फरक सुमारे 8.5 मिलिमीटरचा, म्हणून अर्धा नंबरही महत्त्वाचा. घातल्यावर गल्ल्याकडे चालत जाऊ नका, दोन्ही बाजूंना आडव्या उड्या मारा. लोक बघतात, बघू देत.

कोर्ट कशाचं आहे त्यावर तळाची नक्षी ठरते. लाल मातीवर माशाच्या काट्यासारखी दाट नागमोडी नक्षी लागते. ती पकडही देते आणि माती धरून ठेवत नाही. सिमेंटच्या कोर्टावर रबर जाड आणि टिकाऊ हवं. सर्व्हिस करताना एका पायाचं टोक घासटत असेल, तर तिथं रबराची ढाल असलेलाच जोड बघा.

आणि आपला पाऊस. काही बुटांच्या तळाला पॉलियुरेथेनचा फोम असतो. दमट हवेतलं पाणी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतं, त्यामुळे कपाटात न वापरता ठेवलेल्या चांगल्या बुटाचा तळही दोन-चार वर्षांनी भुगा होऊन पडू शकतो. दुसरा नेहमीचा फोम म्हणजे ईव्हीए. तो भुगा होत नाही, पण रोज दबून त्यातल्या हवेच्या पेशी चेपतात. वरून बूट नवा दिसत राहतो. सपाट फरशीवर जोड ठेवून मागून पाहा. एक टाच आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला झुकलेली दिसली, तर त्या बुटांत खेळायला उतरू नका.