दोन टक्के तेलाची काजळी

जुनी टू-स्ट्रोक बजाज चेतक स्कूटर चढाला धापा टाकायला लागली की आपण आधी कार्ब्युरेटरवर संशय घेतो, मग प्लगवर. प्लग काढावा, तर तो काळाकुट्ट. पुसून परत लावला की गाडी दोन दिवस बरी चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं दुखणं प्लगच्या मागे, हेडच्या (सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागाच्या) आत असतं: तिथे साचलेला ऑइलचा काळा थर, म्हणजेच कार्बन.

चेतक 1972 साली आली. आतली रचना इटलीच्या व्हेस्पाची: 57 मिलिमीटरचा बोर (सिलिंडरची आतली रुंदी), तेवढाच स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे साधारण 145 सीसी. या इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नाही की पंप नाही. (गिअरचं ऑइल निराळं, त्याचा इथे संबंध नाही.) पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत, शिरतं, तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. वाटेत क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना वंगण मिळावं म्हणून पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल घालायचं, लिटरला 20 मिली. काम झालं की ते ऑइल पेट्रोलबरोबर जळायला जातं. जळायला जातं, पण सगळं जळत नाही.

लिटरला 40 किलोमीटर धरले तर 5000 किलोमीटरला 125 लिटर पेट्रोल लागतं. त्याचे दोन टक्के म्हणजे अडीच लिटर ऑइल, आणि ते सगळं मुठीएवढ्या सिलिंडरमधून जातं! त्यातला अगदी थोडा अंश मागे राहिला तरी थर धरायला पुरतो. ‘इंजिनाला बरं’ म्हणून अंदाजाने दुप्पट ऑइल ओतणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

ज्वाळेचं तापमान 2000 अंशांच्या वर जातं, मग ऑइल शिल्लक राहतंच कसं? कारण धातूच्या भिंती त्या मानाने बऱ्याच थंड असतात. भिंतीलगतच्या बारीकशा पदरात ज्वाळा पोचता पोचता विझते. तिथे पेट्रोल उडून जातं, पण ऑइलचे जड रेणू धातूवर बसतात. उष्णतेने ते अर्धवट मोडतात, हवेतला ऑक्सिजन घेतात, एकमेकांना जोडले जातात. आधी पिवळट चिकट लेप, मग तपकिरी वार्निश, शेवटी काळा टणक थर. ही कंदिलाच्या काचेवरची भुरभुरीत काजळी नव्हे. फोडणीच्या पळीला वर्षानुवर्षं चढलेला राप आठवा, जातकुळी तीच. त्यात ऑइलमधल्या रसायनांची राखही मिसळलेली असते, म्हणून टू-टी ऑइल मुद्दाम कमी राखेचं बनवतात. चारचाकीचं उरलेलं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये ढकलू नये ते याचसाठी.

भिंत पुरेशी तापली तर हाच थर काही प्रमाणात जळूनही जातो. जुने मेकॅनिक ‘एकदा घाटातून मोकळी पळवून आणा’ म्हणतात, त्यात तथ्य आहे. दूध आणायला गल्लीच्या टोकापर्यंत, तेही चोक ओढून, एवढीच जिची धाव ती गाडी लवकर कार्बन धरते.

थर साचला की दोन गोष्टी बिघडतात. पहिली, जागा कमी होते. समजा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, साडेसात आहे. म्हणजे पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर सुमारे 22.4 सीसी जागा उरते. पिस्टनवर आणि हेडला अर्धा-अर्धा मिलिमीटर थर बसला तर त्यातली अडीच सीसी गेली, आणि रेशो 8.3 झाला. दुसरी, हा थर उष्णता रोखून धरतो. त्याचा एखादा कंगोरा निखाऱ्यासारखा लाल होतो आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतो. चढावर इंजिनातून टकटक येते ती यामुळे. कधी इग्निशन बंद केलं तरी गाडी धडधडत राहते, तेही याच निखाऱ्याचं काम. शिवाय एक्झॉस्ट पोर्टला आतून थर चढतो, धुराची वाट अरुंद होते, आणि गाडीचा पिकअप जातो.

आता काढायचा कसा? सगळ्यात मोठा गैरसमज असा की कुठलं तरी औषध लावलं की कार्बन विरघळतो. कार्बन घरातल्या कशातही विरघळत नाही. रॉकेल किंवा डिझेल रात्रभर मुरवलं तर थराला धरून ठेवणारा चिकट भाग सैल होतो, इतकंच. बाकी काम हाताचं.

इंजिन पूर्ण थंड असताना प्लग काढावा, वरचं झाकण उतरवावं आणि हेडचे नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करावेत. एकच नट पूर्ण सोडला तर हेड वाकडं व्हायची भीती. मग इंजिनाचा पंखा हाताने फिरवून पिस्टन अगदी वर आणावा आणि पिस्टन व सिलिंडर यांच्यामधल्या फटीत ग्रीस भरावं. ही पायरी वगळू नये. खरवडताना पडणारे कण त्या ग्रीसमध्ये अडकतात. नंतर पिस्टन जरासा खाली नेला की भिंतीवर ग्रीसचं काळं कडं उरतं, ते चिंधीने पुसून घ्यायचं.

खरवडायला स्क्रू-ड्रायव्हर नको. पिस्टन आणि हेड ॲल्युमिनियमचे, स्क्रू-ड्रायव्हर पोलादी. जिथे ओरखडा उठेल तिथे पुढचा कार्बन आणखी घट्ट धरेल. बांबूची तासलेली पट्टी उत्तम. सोल्डरची जाड तार ठोकून चपटी केली तरी चालते, ती ॲल्युमिनियमपेक्षा मऊ असते. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको. त्याचे कण कमालीचे कठीण, एखादा आत राहिला तर बोरवर रेघा पडल्याच म्हणून समजा. पिस्टन आरशासारखा चमकवायचा हट्टही नको. जुन्या, झिजलेल्या इंजिनात पिस्टनच्या कडेचं कार्बनचं बारीक कडं मुद्दाम ठेवायची पद्धत आहे.

पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या खाचा साफ करायला ब्लॉक, म्हणजे अख्खा सिलिंडर, काढावा लागतो. ते काम मी स्वतः गॅरेजवर सोपवतो. टू-स्ट्रोकच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगचं तोंड तिच्यावरच बसावं लागतं. नाही बसलं तर ब्लॉक चढवताना रिंग मोडते.

सायलेन्सरसाठी कॉस्टिक सोडा वापरतात. तो पोलादाला फारसं काही करत नाही, पण ॲल्युमिनियमला खातो. माझ्या एका मित्राने ‘एवीतेवी बादली भरलीच आहे’ म्हणून त्यात हेडही सोडलं. बादली फसफसू लागली तेव्हा तो खूश झाला, त्याला वाटलं कार्बन सुटतोय. खरं तर हेडच विरघळत होतं, आणि बुडबुडे होते हायड्रोजनचे, ठिणगी लागली तर पेट घेणारे. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा हवेतच.

आणखी एक उपाय फिरत असतो: चालू इंजिनात कार्ब्युरेटरमधून पाणी सोडा, वाफेने कार्बन उडतो. फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी निघालेली ही युक्ती. टू-स्ट्रोकमध्ये ते पाणी आधी क्रँककेसमध्ये जातं आणि बेअरिंगवरचं ऑइलच धुऊन काढतं. कार्बन जाईल न जाईल, बेअरिंगला गंज लागेल.

हेड परत बसवताना नट पुन्हा समोरासमोर, हळूहळू, सारखे आवळावेत. पहिल्या किकनंतर भरपूर धूर येईल. उरलेलं ग्रीस आणि रॉकेल जळतंय, घाबरू नये. आठ-दहा किलोमीटर फिरून या, इंजिन निवू द्या आणि प्लग काढून पाहा. त्याचं टोक दुधाच्या चहाच्या रंगाचं असेल तर मिश्रण बरोबर आहे. काळं आणि ओलसर असेल तर ऑइलचं माप तपासा.