बदल की स्वीकार? दांपत्य-उपचारांमधला अनिर्णित वाद

अमेरिकेत विवाह-सल्ला केंद्रं 1930 च्या आसपास निघाली, पण तिथला सल्ला बराचसा अनुभवावर आणि उपदेशावर चाले. पद्धतशीर उपचार आले ते 1960 च्या दशकाअखेरीस. 1969 मधल्या एका प्रयोगात नवऱ्याने बायकोशी नीट गप्पा मारल्या की त्याला टोकन मिळे आणि ती टोकनं देऊन तो शारीरिक जवळीक मागू शके. आज हे वाचताना अंगावर येतं. तरी 'तू हे कर, मी ते करतो' अशा देवाणघेवाणीवरच पुढची दहा-पंधरा वर्षं उपचार उभे राहिले. संवादकौशल्यं आणि प्रश्न सोडवण्याचे सराव त्यांत मिसळले.

1984 मध्ये जुन्या चाचण्यांची आकडेवारी पुन्हा तपासली गेली. निम्म्याहून थोडी अधिक जोडपी सुधारली होती. समाधानी जोडप्यांच्या पातळीला पोचली ती साधारण एक तृतीयांशच.

त्यातूनच 1990 च्या दशकात एक निर्णय झाला, आणि तोच अजून वादात आहे. काही उपचारकांनी ठरवलं, की जोडीदाराला बदलण्याचा आग्रह सैल करून त्याचा स्वभाव समजून घ्यायलाही शिकवायचं. आक्षेप लगेच आला: स्वीकार म्हणजे निमूट सहन करणं का, आणि सहन करायचं कोणी? आपल्याकडे 'जमवून घे' हे मुलीलाच सांगितलं जातं, म्हणून हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. उपचारकांचं उत्तर होतं, की स्वीकार दोघांनी करायचा आणि हिंसेचा तर कधीच नाही. त्यांच्या मोठ्या चाचणीत गंभीर मारहाण असलेली जोडपी घेतलीच नव्हती. 134 जोडप्यांच्या या चाचणीचे पहिले निष्कर्ष 2004 मध्ये आले. उपचारानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत स्वीकाराची पद्धत जुन्या, बदलावर भर देणाऱ्या पद्धतीपेक्षा थोडी सरस दिसली. पाच वर्षांनी दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या.

दरम्यान भावनिक बंधावर भर देणारी पद्धत 1980 च्या दशकात कॅनडात रुजली. लैंगिक अडचणींसाठीचे स्पर्शाचे सराव 1970 पासूनच चालू होते. 2016 पर्यंत ऑनलाइन उपचारांचीही मोठी चाचणी झाली.

भारतात कुटुंब न्यायालयांचा कायदा 1984 चा. त्यात समुपदेशकांची तरतूद आहे, पण तिथवर जोडपं पोचतं ते बहुधा अर्ज दाखल झाल्यावर. स्वीकाराच्या पद्धतीची ती मोठी चाचणीही भांडणं मुरलेल्या जोडप्यांवरच झाली होती.