वाई : घाट, आळ्या आणि सावकारी पैशाची देवळं

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली गाडी पसरणीचा घाट चढण्याआधी वाईत थांबते. मंडळी ढोल्या गणपतीला हात जोडतात, नदीकाठी दोन फोटो काढतात आणि पाचगणीकडे निघून जातात. गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात हे त्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे इथली देवळंही फार पुरातन असणार असं धरूनच चाललेले असतात. तसं ते नाही. आज वाईत नजरेत भरतात ती मोठी देवळं बहुतेक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत, आणि त्यातली प्रमुख देवळं रास्ते या एकाच घराण्याने उभी केली.

गाव मात्र जुनं आहे. जवळच्या लोहारे गावालगत कोरीव लेणी आहेत, म्हणजे कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटांवर हा मुलूख पूर्वीपासून वहिवाटीचा होता. पांडवांनी अज्ञातवास काढला ती विराटनगरी म्हणजे वाईच, असंही सांगतात, आणि उत्तरेला उभा असलेला पांडवगड त्याचा पुरावा म्हणून दाखवतात. विराटनगरी असल्याचा दावा राजस्थानातल्या बैराटसह आणखीही गावं करतात, तेव्हा तो विषय इथेच सोडलेला बरा.

लेखी इतिहासात वाई ठळकपणे येते ती आदिलशाहीच्या काळात. वाईचा सुभा अफझलखानाकडे होता, त्यामुळे हा मुलूख त्याच्या पायाखालचा होता. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा त्याने तळ टाकला तो वाईच्याच परिसरात, आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी तो मारला गेला. पुढे १६८७ मध्ये याच वाईजवळच्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले. डोंगरात शिरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी वसलेलं गाव म्हटलं की फौजा यायच्याच. अशा गावात शंभर वर्षं टिकेल असं बांधकाम काढायला कुणाला धीर होणार? तो धीर आला सातारा आणि पुणे ही सत्तेची ठिकाणं झाल्यावर, म्हणजे पेशवाईत.

रास्ते मूळचे कोकणातले, मूळ आडनाव गोखले. भिकाजी नाईक रास्ते हे सावकार. त्यांची मुलगी गोपिकाबाई १७३० मध्ये बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेबांना दिली, आणि १७४० मध्ये जावई पेशवे झाले. त्या काळी सावकारी आणि राजकारण यांच्यात भिंत नव्हतीच. फौज उभी करायची तर कर्ज लागे, कर्ज देणाऱ्याला वसुलीसाठी मुलूख लागे, आणि मुलूख मिळाला की सावकाराच्या घरातच सरदार तयार होत. पेशव्यांचं सासर झाल्यावर रास्त्यांना घोडदळाची सरदारकी आली. पुण्याच्या रास्ता पेठेला नाव मिळालं ते याच घराण्यावरून.

पैसा हाती आल्यावर तो गावात उतरला. १७५७ मध्ये आनंदराव भिकाजी रास्त्यांनी काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं. तटबंदीचं आवार, आत दीपमाळा आणि समोर काळ्या पाषाणाचा नंदी. हा नंदी जवळ जाऊन पाहावा असा आहे. गळ्यातल्या माळा आणि घंटा, पाठीवरची झूल, सगळं त्याच दगडात कोरलेलं आणि इतकं गुळगुळीत की ऊन पडलं की चमक मारतं.

पाच वर्षांनी, १७६२ मध्ये, गणपतराव भिकाजींनी महागणपतीचं देऊळ बांधलं. पानिपत होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं. त्या रणात गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव गेला आणि काही महिन्यांत नानासाहेबही गेले. इतका घाव बसूनही त्यांच्या माहेरच्यांनी दुसऱ्याच वर्षी एवढं मोठं देऊळ पुरं केलं, यावरून रास्त्यांच्या तिजोरीचा अंदाज यावा. मूर्ती अखंड दगडातली, बैठी, ऐसपैस. म्हणूनच लोकांच्या तोंडी ‘महागणपती’ राहिला नाही, ‘ढोल्या गणपती’ झाला.

या देवळात दर्शन घेऊन परत फिरणाऱ्याचं एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं. देऊळ अगदी घाटावर, पात्राच्या कडेला आहे. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पाणी थेट त्याच्या अंगावर येतं. बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. गाभाऱ्याची मागची भिंत त्यांनी सपाट ठेवली नाही, माशाच्या आकाराची, मधोमध टोक काढून बांधली. पुराचा लोंढा त्या टोकावर येऊन दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो, भिंतीला सरळ धडक बसत नाही. अडीचशेहून अधिक पावसाळे ही भिंत उभी आहे. ही युक्ती बघायची तर देवळाला वळसा घालून मागे जावं लागतं, आणि नेमके तिकडेच कुणी जात नाही.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे, तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. औंधच्या पंतप्रतिनिधींनी हे गाव नानांना दिलं आणि नानांनी इथे सहा चौकांचा वाडा बांधला. वाड्याच्या मागच्या अंगाने पायऱ्या उतरल्या की कृष्णा, काठावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. घाटावरच्या छोट्या घुमटीत एक मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या गेल्या. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ आणि भीमाशंकर इथेही अशा घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवरची मेरी कुणी घासून काढली नाही, याचं मला दरवेळी कौतुक वाटतं. या वाड्यातली कागदपत्रं ‘मेणवली दफ्तर’ म्हणून अभ्यासकांना माहीत आहेत. पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच त्या रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून, आलेलं आहे. वाडा आणि घाट हल्ली प्रसिद्ध आहेत ते शूटिंगमुळे. हिंदी पडद्यावर उत्तर प्रदेश-बिहारमधलं गाव म्हणून जे दिसतं, ते कित्येकदा मेणवली किंवा वाईचा घाट असतो.

देवळं रास्त्यांनी बांधली, पण गाव चाललं ते आळ्यांवर. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी : नदीकाठाने ही एकामागून एक वस्ती आणि प्रत्येकीचा आपापला घाट. घाट म्हणजे धुणं, अंघोळ, संध्या, श्राद्ध, पोहायला शिकणारी पोरं आणि संध्याकाळच्या गप्पा, सगळं एकाच पायऱ्यांवर. ब्राह्मणशाहीसारखं नाव ऐकलं की पायऱ्या कुणाच्या आणि कुणाच्या नाहीत हेही कळतं. घाटांच्या आठवणी लिहिताना ही बाजू सहसा गाळली जाते.

या आळ्यांना एका सूत्रात बांधतो तो कृष्णाबाईचा उत्सव. नदी इथे नुसती नदी नाही, बाई आहे. तिला साडी नेसवतात, तिची ओटी भरतात, तिला पालखीत बसवतात. उत्सवाचा उगम अफझलखानाच्या स्वारीशी जोडला जातो. हे संकट टळू दे म्हणून शेंडे शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला आणि तो फेडण्यासाठी उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आहे. थंडी सरत आली की उत्सवाला तोंड लागतं आणि एकेका घाटाचा उत्सव ओळीने होतो. पाळी येईल त्या आळीच्या घाटावर मांडव पडतो, कीर्तन-प्रवचन, गाणं-बजावणं, बायकांचं हळदीकुंकू होतं आणि शेवटी प्रसादाच्या पंगती उठतात. वर्गणी आळीची, वाढपी आळीचे, रुसवेफुगवेही आळीचेच. आमच्या पंगतीत भात कमी पडला नव्हता, तुमच्यात पडला होता, असले हिशेब पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले जातात. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेली घरं दिवाळीला एखादवेळ येणार नाहीत, पण आपल्या आळीच्या उत्सवाला येतात. कृष्णाबाईचा उत्सव कराडलाही होतो. पण वाईत तो घाटोघाटी फिरतो, आणि त्यामुळे साऱ्या गावाचा होऊनही कुठल्याच एका देवळाचा होत नाही.

याच काळात, रंगपंचमीला, शेजारच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड निघतं. होळी पौर्णिमेला कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडाला टांगला जाणारा मानकरी, ठरतो. कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून निघालेला बगाडाचा अवजड लाकडी गाडा बैलांच्या जोड्या बदलत शेतांतून गावात ओढून नेतात. घाटावरचं कीर्तन आणि रानातलं बगाड या दोन जगांमधलं अंतर थोड्या मैलांचं आहे, पण वाईबद्दल लिहिणारे बहुतेकजण पहिल्यातच रमतात. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कन्यागत पर्व लागतं. त्या वर्षी गंगा कृष्णेला भेटायला येते असं मानतात. मागचं कन्यागत २०१६ मध्ये लागलं.

पेशवाई गेली, १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यही खालसा झालं, आणि वाईतला वतनाचा पैसा आटला. मागे राहिली ती वेदशास्त्र शिकण्या-शिकवण्याची सवय. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नारायणशास्त्री मराठे यांनी इथे प्राज्ञपाठशाळा नावारूपाला आणली. पुढे संन्यास घेतल्यावर ते केवलानंद सरस्वती झाले. विनोबा भावे १९१७ च्या सुमारास त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिले होते. खानदेशातल्या पिंपळनेरचा एक मुलगाही इथे शिकायला आला आणि वाईचाच झाला : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी.

सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या गावातून निघालेल्या या शास्त्र्याने धर्मशास्त्राचेच आधार देऊन अस्पृश्यतेविरुद्ध बाजू मांडली. १९३३ मध्ये गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचं पौरोहित्यही लक्ष्मणशास्त्र्यांनीच केलं. घाटावरच्या काही मंडळींना ते पचलं नसणार, हे सांगायला कागदपत्रं लागत नाहीत.

पाठशाळेत धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्रातली वचनं एकत्र लावणाऱ्या कोशाचं, काम चालू होतं. हजारो वचनं निवडायची, लावायची, तपासायची असं हे काम वर्षानुवर्षांचं. कोशाचं काम कसं करतात हे वाईला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मराठी विश्वकोशाची जबाबदारी लक्ष्मणशास्त्र्यांकडे आली तेव्हा कचेरी मुंबई-पुण्याला न जाता वाईत गंगापुरीत राहिली. पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसावा २०१५ मध्ये. महाराष्ट्रभरच्या प्राध्यापकांच्या नोंदींची पाकिटं या तालुक्याच्या गावाला येत राहिली. पुस्तकांचा हा नाद गावात आधीपासून होता. ‘मोदवृत्त’ साप्ताहिक एके काळी वाईतून निघत असे, आणि उन्हाळ्यातल्या वसंत व्याख्यानमालेला आजही श्रोते मिळतात. रात्री जेवणं आटोपून तास-दीड तास व्याख्यान ऐकायला बसणारी गावं आता फार राहिली नाहीत.

वरच्या अंगाला धोमचं धरण झाल्यापासून नदीचं वागणं बदललं. उन्हाळ्यात पात्रात पाणी किती, हे आता पाटबंधारे खात्याच्या हाती असतं. ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पाडून नवा झाला. घाटाच्या पायऱ्यांवर धुणं जवळपास थांबलं, त्याऐवजी सांडपाणी येतं, आणि ते काढायचं कुणी यावर नगरपालिकेच्या बैठकांपासून घाटावरच्या कट्ट्यापर्यंत वाद चालतो. सुटीच्या दिवशी काही तरुण आणि निवृत्त मंडळी झाडू-घमेली घेऊन पात्रात उतरतात. त्यांच्या कामाची वाटणीही घाटवारच असते, आणि कुणाचा घाट जास्त स्वच्छ यावरून चिडवाचिडवीही होते.