फाटकी साडी नको, रफू केलेला कोट न्या
(कष्टकरी आईची भूमिका असलेल्या नाटकांसाठी आमच्याकडून कपडेपट आणि प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, नेणाऱ्या संस्थांना)

संस्थांकडून यादी येते तेव्हा त्यात एक ओळ हमखास असते : "आई, गरीब, फाटकी साडी एक." नाटक कुठलंही असो. साडी आम्ही देऊ, तशा चार पडून आहेत. पण आधी ही बाई कोण आहे ते बघू.

उदाहरणाला आयरिश नाटककार शॉन ओ'केसी यांचं 'ज्यूनो अँड द पेकॉक' घेतो. पहिला प्रयोग १९२४ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरात झाला. काळ १९२२चा, आयर्लंडमधल्या यादवी युद्धाचा. जागा म्हणजे अनेक बिऱ्हाडांच्या जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. ज्यूनो बॉइल पंचेचाळिशीची. नवऱ्याला काम मिळतंय म्हटलं की त्याचे पाय दुखायला लागतात. मुलगा जॉनी लढाईत एक हात गमावून घरात बसलेला. मुलगी मेरी तत्त्वासाठी संपावर. कमावणारी उरली एकटी ज्यूनो.

पहिल्या अंकात ती बाजारातून हातात छोटंसं पुडकं घेऊन येते. तिची सगळी भूमिका त्या पुडक्यात आहे, असं आमचं मत. मेरी तत्त्वाच्या गोष्टी सांगते, तर ज्यूनोला चिंता ही की उद्या दुकानदाराकडे जुनी उधारी न फेडता नवी मागायची कशी. हे ती रडत सांगत नाही, टोमणा मारून सांगते. रडकी ज्यूनो उभी केलीत तर नाटक पहिल्या वीस मिनिटांतच झोपेल. तिला विनोद येतो, संताप येतो, नवऱ्याचा खोटेपणा ती आडून ऐकून पकडते.

म्हणून कपडे जुने द्या, स्वच्छ द्या, नीट शिवलेले द्या. फाटकं ती घालणारच नाही, कारण ते शिवणारीही तीच. कोपरावर रफू, ॲप्रनची नाडी वेगळ्या कापडाची, बस्स. ठिगळ तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही ही तक्रार आम्ही ऐकली आहे. न दिसू दे. नटीला ते माहीत असलं की पुरे.

दुसऱ्या अंकात वारसाहक्काचे पैसे मिळणार या भरवशावर घरात उधारीचं फर्निचर आणि ग्रामोफोन येतो. इथं ज्यूनोही सुखावते, थोडी मिरवते. शेजारच्या मिसेस टँक्रेडचा मुलगा मारला गेलाय, ती त्याच्या अंत्ययात्रेला निघालीय, आणि ज्यूनोच्या तोंडून निघून जातं की एका अर्थी बाईला तिच्या करणीचंच फळ मिळालं. ही ओळ गाळू नका! दिग्दर्शकांना आई निर्मळ हवी असते, म्हणून कात्री लागते. पण तिसऱ्या अंकात जॉनी तसाच मारला जातो तेव्हा तिला तेच आठवतं : आपण त्या बाईसाठी पुरेसं हळहळलो नाही. टँक्रेडबाईंनी केलेली प्रार्थना आता ती करते. पहिली चूक काढून टाकली तर ही प्रार्थना नुसतं भाषण होतं.

तिसऱ्या अंकात ती बाहेरून येते आणि न बोलता हॅट-कोट काढून ठेवते. मेरीला दिवस गेलेत, हे तिला कळलंय. प्रेक्षकांना अजून नाही. त्या कोटाला आम्ही बटणांऐवजी आतून हुक लावून देतो, कारण बटणाशी झटापट झाली की तो क्षण गेला. बाळाला बाप नसेल म्हणून मेरी रडते, तर ज्यूनो म्हणते, त्याला दोन आया असतील. हे वाक्य हळू, साधं. नवऱ्याला सोडून मुलीसह बहिणीकडे जायचं तिनं ठरवलेलं असतं, आणि ठरवून झाल्यावर ती आवाज चढवत नाही.

प्रॉपर्टीबद्दल एक सूचना. मृत्युपत्राचा घोळ निघून पैसे बुडतात आणि फर्निचर प्रेक्षकांसमोर उचलून नेलं जातं. तेव्हा दोन माणसांना विंगेपर्यंत सहज नेता येईल असंच कपाट निवडा, आमचं सागवानी नको. येशूच्या आईच्या तसबिरीपुढचा दिवा मात्र वेगळ्या स्विचवर घ्या. तो विझतो आणि जॉनी किंचाळतो, बाकीच्या प्रकाशाबरोबर तो जाऊन चालणार नाही.

रंगीत तालमीच्या निदान आठ दिवस आधी या. येताना संहिता आणा, आणि जमलं तर आईचं काम करणाऱ्या बाईंनाही. कोट इथंच घालून, काढून बघू.