मास्टर सिलेंडर, ब्रेकचा

मोटारीच्या ब्रेकच्या पेडलवर पडणाऱ्या पायाच्या जोराचे द्रवाच्या दाबात रूपांतर करणारा पंप. बॉनेट उघडले की तो चालकाच्या बाजूला, पायाचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरच्या गोल काळ्या डब्यावर नटांनी आवळलेला दिसतो. त्याच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची धुरकट प्लॅस्टिकची टाकी असते. ‘ऑइल’ हा शब्द गॅरेजात रुळलेला असला तरी फसवा आहे. हा द्रव तेल नसून ग्लायकॉल ईथर वर्गातला असतो. नाव ऐकून कोणी टाकीत खरेच इंजिन ऑइल ओतले, तर आतले रबरी वॉशर फुगतात आणि मास्टरपासून चाकापर्यंतचे सगळे रबर बदलावे लागते.

बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, या पास्कलच्या नियमावर ही यंत्रणा चालते. मास्टरचा दट्ट्या २० मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाकडचा ५० मिलिमीटरचा असेल, तर जोर सव्वासहा पट होतो. त्या बदल्यात मास्टरच्या दट्ट्याला तितकेच जास्त सरकावे लागते. चारही चाकांना असे ब्रेक असलेली बाजारात विकली गेलेली पहिली गाडी अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये आणली. जुन्या गाड्यांत एकच दट्ट्या असे, त्यामुळे एक पाइप फुटला की चारही ब्रेक जात. आता एकाच नळीत एकामागे एक दोन दट्ट्ये असतात. एक भाग गळाला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, पण पेडल खूप खाली जाते.

टाकी आणि सिलेंडर यांच्यामध्ये एक सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. पेडल सोडल्यावर दट्ट्या मागे येऊन ते उघडतो आणि तापून फुगलेला द्रव टाकीत परततो. छिद्र गाळाने बुजले किंवा पेडलपासून दट्ट्या ढकलणाऱ्या पुशरॉडला मोकळीकच उरली नाही, तर ब्रेक पकडून राहतात आणि चाके तापतात.

हा भाग किती किलोमीटर टिकतो असे विचारले जाते. मुंबईत तो किलोमीटरपेक्षा हवेमुळे जास्त मरतो. ग्लायकॉलचा द्रव हवेतले पाणी शोषतो, आणि पावसाळ्याचे चार महिने इथली हवा पाण्यानेच भरलेली असते. नव्या डॉट ३ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, तर डॉट ४ चा २३० अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ वर येते. शहरातल्या सिग्नलांवर हा फरक कळत नाही. पुण्याहून परतताना बोरघाट उतरताना मात्र तापलेल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या पकडीत, वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखे दबते. शिवाय तेच पाणी सिलेंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढवते आणि वॉशर त्यावर घासून फाटतात. म्हणून गाडी इमारतीखाली उभीच असली तरी साधारण दर दोन वर्षांनी द्रव बदलावा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा तर लगेच बदलावा.

बिघाड ओळखायला सिग्नलसारखी जागा नाही. पाय हलका ठेवून गाडी उभी असताना पेडल हळूहळू तळाकडे जात असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर द्रव वॉशरवरून आतल्या आत निसटतो आहे. जोरात दाबल्यावर हेच पेडल बऱ्याचदा ठीक वाटते, कारण दाबाने वॉशरची कड पसरून भिंतीला चिकटते. त्यामुळे गॅरेजात दणकून पाय मारून पाहणाऱ्याला दोष सापडत नाही. दुसरी गळती मागच्या बाजूने बूस्टरमध्ये होते. जमिनीवर थेंब नाही, तरी टाकी उतरते. मास्टरचे नट सैल करून तो किंचित पुढे ओढला की मागचा ओलावा दिसतो. पॅड झिजल्यानेही पातळी थोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. पण दर महिन्याला बाटली आणून वर भरत राहणे म्हणजे रोग झाकणे.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांच्या काळात मास्टर उघडून आत नवे वॉशर, म्हणजे ‘किट’, टाकण्याची रीत होती. बिडाच्या सिलेंडरला ती चालून जाई. हल्लीचे सिलेंडर ॲल्युमिनियमचे असतात. घासून काढले की भिंतीवरचा कठीण थर जातो आणि किट थोड्याच दिवसांत पुन्हा गळते. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही, आख्खाच बदलावा. मुंबईत ऑपेरा हाउस भागातल्या दुकानांत नवा मिळतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीतल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, पण आरसा किंवा दरवाजा तिथून घेणे वेगळे आणि ब्रेकचा मास्टर घेणे वेगळे. द्रवाची बाटली सीलबंद आणि लहान घ्यावी; फळीवर अर्धी उघडी पडलेली वापरू नये.

बसवण्याआधी नव्या मास्टरची हवा बाकावरच काढतात: तो शिकंजात धरून, तोंडाला लावलेल्या नळ्या टाकीतल्या द्रवात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत दट्ट्या हळूहळू रेटायचा. पाइपांच्या नटांना साधा पाना लावला की कोपरे गोल होतात, नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नटचाच पाना लागतो. पुढे चाकांची हवा काढायला दोन माणसे लागतात. एक पेडलवर, एक निपलपाशी (चाकाजवळच्या हवा सोडायच्या स्क्रूपाशी), आणि ‘मार, धर, सोड’ असा पुकारा. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत सहसा सर्वांत लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात, पण कर्णरेषेत (एक पुढचे आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक एकत्र) विभागलेल्या यंत्रणेत आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत कंपनीच्या पुस्तिकेतला क्रमच पाळावा. मास्टर जुनाच ठेवून नुसता द्रव बदलायचा असेल, तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. एरवी कधीच न वापरलेल्या तळाच्या गंजक्या भागात वॉशर घुसला की चांगला चाललेला मास्टर त्याच दिवशी निकामी होऊ शकतो.

सांडलेला द्रव बॉनेटचा रंग उतरवतो. तो पुसत न बसता लगेच भरपूर पाण्याने धुवावा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक लागते का, अर्धा मिनिट दाबून धरल्यावर खाली जाते का, ते पाहावे. मगच पहिली फेरी, तीही सोसायटीच्या आवारात, पहिल्या गिअरमध्ये, हात हँडब्रेकवर ठेवून.