फ्लेवर-नियम विसंगती (ट्रेडिंग कार्ड गेम)

ट्रेडिंग कार्ड गेममधील पत्त्याचे नाव, चित्र आणि तिरप्या अक्षरांतले वाक्य एक गोष्ट सांगते व त्याच पत्त्याचा नियम पटावर वेगळेच काही घडवतो, तेव्हा दिसणारे हास्यकारक अंतर. कथेकडच्या या भागाला खेळाडू ‘फ्लेवर’ म्हणतात. साप बूट घालतो, दगडी भिंत भीतीने मरते, उडता ड्रॅगन खड्ड्यात पडतो, ही नेहमीची उदाहरणे. छपाईची चूक किंवा नियमाचे चुकीचे वाचन यात मोडत नाही. नियम अचूक लावल्यावरही जी उरते तीच विसंगती.

तिचे मूळ पत्त्याच्या रचनेत आहे. रिचर्ड गारफिल्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ (१९९३) या खेळाच्या नियमावलीनुसार तिरप्या अक्षरांतील मजकुराला खेळात काहीही कार्य नसते. चित्राचेही तसेच. नियमाला दिसतात ते रंग, किंमत, प्रकाराची ओळ, ठरीव शब्द आणि आकडे. पाय, हात, वजन, डोळे नियमाला दिसत नाहीत. त्यामुळे पत्त्यावर जे लिहिलेले नाही ते त्या प्राण्याला लागूही होत नाही, मग चित्रात ते कितीही स्पष्ट असो.

विसंगतीच्या उगमाबद्दल दोन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार ती सुरुवातीच्या काळातील सैल लेखनामुळे आली. पुरावा म्हणून ‘गॉब्लिन किंग’ दाखवला जातो. १९९३ च्या पत्त्यावर त्याचा प्रकार ‘लॉर्ड’ असा छापला होता, ‘गॉब्लिन’ असा नव्हे. म्हणजे गॉब्लिनांचा राजा नियमाच्या दृष्टीने गॉब्लिनच नव्हता. अशा जुन्या प्रकारांची मोठी दुरुस्ती २००७ मध्ये झाली. दुसऱ्या मतानुसार हा सुट्या भागांच्या खेळाचा अंगभूत परिणाम आहे. प्रत्येक पत्ता एकेकटा तपासला जातो, पण खेळाडू ते हव्या त्या जोड्यांनी मांडतो, आणि सगळ्या जोड्यांची कथा कोणी लिहून ठेवू शकत नाही. दुसरे मत अधिक टिकणारे दिसते, कारण सर्वांत गाजलेली उदाहरणे लेखन काटेकोर झाल्यानंतरच्या इक्विपमेंट (प्राण्याला चढवायची शस्त्रे व पोशाख) पत्त्यांची आहेत.

इक्विपमेंट हा प्रकार मॅजिकच्या ‘मिरोडिन’ या पत्तेसंचात (२००३) आला. शस्त्र किंवा पोशाख पटावर ठेवायचा, इक्विपची किंमत भरायची आणि आपल्या एका प्राण्याला लक्ष्य करायचे, एवढीच कृती. ती स्वतःच्या पाळीत, मुख्य टप्प्यातच करता येते. लक्ष्य ‘क्रीचर’ (प्राणी) असावे एवढीच अट असते. म्हणून साप, मासा किंवा भिंत यांना ‘लाइटनिंग ग्रीव्ह्ज’ हे पायातले चिलखत चढवता येते. हातांची संख्या मोजली जात नसल्याने एकाच खारीकडे चार तलवारी असू शकतात.

खरी गंमत बारकाव्यात आहे. ग्रीव्ह्ज ‘श्राउड’ देतात, म्हणजे त्या प्राण्याला कोणीही, अगदी त्याचा मालकही, लक्ष्य करू शकत नाही. त्यामुळे ग्रीव्ह्जची दुसरी जोडी चढवता येत नाही. एकच प्राणी उरला असेल तर पहिली जोडी उतरवताही येत नाही, कारण उतरवण्याची स्वतंत्र कृती नाही. ती दुसऱ्या प्राण्यावर हलवावी लागते. याउलट ‘स्विफ्टफुट बूट्स’ (२०११) ‘हेक्सप्रूफ’ देतात. ही बंदी फक्त प्रतिस्पर्ध्याला असल्याने एकावर एक कितीही जोड घालता येतात. नवखे खेळाडू बहुधा इथेच अडकतात.

वाहनांची (‘कलादेश’, २०१६) गंमत वेगळी. आपल्या प्राण्यांपैकी हवे तितके टॅप करून (वापरल्याची खूण म्हणून आडवे करून) त्यांच्या पॉवरची (हल्ल्याच्या ताकदीची) बेरीज वाहनावरील ‘क्रू’च्या आकड्याएवढी किंवा अधिक केली की वाहन पाळी संपेपर्यंत प्राणी होते. प्राणी झालेले ते वाहन टॅप करून दुसरे वाहन चालवता येते. त्याला बूटही घालता येतात. पाळी संपली की वाहन प्राणी राहत नाही, बूट सुटतात आणि पटावर नुसते पडून राहतात.

काही पत्ते कथेला अर्ध्या वाटेपर्यंत मान देतात, आणि विसंगती तिथेच सर्वांत ठळक दिसते. ‘टेरर’ (१९९३) हा पत्ता यंत्रे आणि काळ्या रंगाचे प्राणी सोडून कोणालाही नष्ट करतो. यंत्राला भीती वाटत नाही आणि काळोखाचे जीव स्वतःच भयंकर असतात, हे त्यामागचे तर्क. पण ०/८ आकड्यांची (हल्ल्याची ताकद ०, सहनशक्ती ८) ‘वॉल ऑफ स्टोन’ यंत्र नाही आणि तिचा रंग लाल आहे, म्हणून ती दगडी भिंत घाबरून मरते. एकही अपवाद लिहिला नसता तर भिंतीचे कोणाला फारसे वाटले नसते. अपवाद लिहिल्यामुळे वाचक कथेच्या तर्काची अपेक्षा धरतो.

‘प्रोटेक्शन’चेही असेच. काळ्या रंगापासून संरक्षण असलेला ‘व्हाइट नाइट’ काळ्या रंगाच्या ‘डॅम्नेशन’ने मरतो. संरक्षण फक्त इजा, जोडणी, अडवणूक व लक्ष्य करणे यांपासून मिळते. डॅम्नेशन कोणालाच लक्ष्य न करता सगळे प्राणी नष्ट करतो.

प्रसिद्ध व्यक्तींच्या पत्त्यांसाठी असलेला ‘लेजंड रूल’ तीन वेळा वेगळ्या अर्थाने लिहिला गेला. १९९४ मध्ये जगात ती व्यक्ती एकच, म्हणून नंतर येणारी प्रत लगेच ग्रेव्हयार्डमध्ये (बाद पत्त्यांच्या ढिगात) जाई. २००४ मध्ये दोन प्रती समोरासमोर आल्या की दोन्ही जाऊ लागल्या. परिणामी प्रतिस्पर्ध्याच्या वीराला मारण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याचीच नक्कल आणणे. २०१३ पासून नियम प्रत्येक खेळाडूपुरता वेगळा लागतो. एकच वीर दोन्ही बाजूंनी उभा राहून स्वतःशी लढू शकतो. खेळ म्हणून तिसरे रूप सर्वांत निकोप, कथा म्हणून पहिले, असे म्हणता येईल.

कोनामीच्या ‘यू-गी-ओ’ (जपानमध्ये १९९९) मध्ये ‘ट्रॅप होल’चे उदाहरण अभिजात मानावे. प्रतिस्पर्ध्याने १००० किंवा अधिक एटीकेचा (हल्ल्याच्या ताकदीचा) राक्षस नॉर्मल समन (हातातून नेहमीच्या पद्धतीने पटावर आणणे) किंवा फ्लिप समन (पालथा पत्ता उलटणे) केला की तो खड्ड्यात पडून नष्ट होतो. ट्रिब्यूट समन हाही नॉर्मल समनच असल्याने दोन बळी देऊन आणलेला ३००० एटीकेचा पंखवाला ‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ त्यात पडतो. मात्र तोच स्पेशल समनने (एखाद्या खास परिणामामुळे) आला तर खड्डा ओलांडतो. ‘बॉटमलेस ट्रॅप होल’ स्पेशल समनलाही लागतो (१५०० एटीकेपासून) आणि राक्षसाला ग्रेव्हयार्डऐवजी खेळाबाहेर टाकतो. तळ नसलेल्या खड्ड्यातून प्रेत कसे परत मिळणार, हा तर्क इथे नेमका जुळतो.

‘पोकेमॉन’ कार्ड गेममध्ये (१९९६) विसंगती मुख्यतः व्हिडिओ गेमचे बरेच प्रकार थोड्या रंगांत बसवल्यामुळे येते. विषारी पोकेमॉन आधी ग्रास, २००७ पासून सायकिक आणि २०२० पासून डार्कनेस असे फिरले. व्हिडिओ गेममध्ये विषारी पोकेमॉनला विष बाधत नाही. पत्त्यांत मात्र ते कोणालाही बाधते, आणि विषारी गाळाचाच बनलेला ‘मक’ही प्रत्येक पाळीनंतर १० इजा सोसतो.

विसंगती टाळण्याचा उपाय म्हणजे कथेतील अडचण नियमातच लिहिणे. ‘ओ-नागिनाता’ (२००५) हे लांब दांड्याचे शस्त्र किमान ३ पॉवरच्या प्राण्यालाच जोडता येते. ‘कोलॉसस हॅमर’ (२०१९) +१०/+१० देतो आणि वजनामुळे उडण्याची क्षमता काढून घेतो. पण इथेही फट राहते. हे परिणाम टाइमस्टॅम्पच्या (कोणता आधी सुरू झाला त्या) क्रमाने लागतात, म्हणून हातोडा जोडल्यानंतर मिळालेली ‘फ्लाइंग’ टिकून राहते आणि प्राणी तो प्रचंड हातोडा घेऊनच उडतो. फ्लाइंग आधी दिली आणि हातोडा नंतर जोडला तर तो जमिनीवरच राहतो.