स्पेनमधील ईस्टरचे खाद्यपदार्थ

राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा ईस्टरपूर्वीचा सुमारे चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ (लेंट), त्याच्या अखेरीस येणारा पवित्र सप्ताह (सेमाना सांता) आणि ईस्टरनंतरचे काही दिवस यांत स्पेनमध्ये खाल्ले जाणारे पारंपरिक पदार्थ. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ईस्टरच्या मेजवानीचे नसून त्याआधीच्या मांसवर्ज्य दिवसांचे आहेत.

कॅथलिक चर्चने मांस वर्ज्य ठरवलेल्या दिवसांत समुद्रापासून दूर असलेल्या कास्तीलसारख्या प्रदेशांना ताजी मासळी मिळणे कठीण होते. त्यामुळे खारवून वाळवलेला, महिनोन्‌महिने टिकणारा कॉड मासा (बाकालाओ) तेथील स्वयंपाकात रुळला. तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा उतरवला जातो. छोले, पालक आणि हा मासा एकत्र शिजवून केलेले ‘पोताखे दे विखिलिया’ हे कालवण शुक्रवारी, विशेषतः गुड फ्रायडेला, करतात. त्यावर बहुधा उकडलेले अंडे कुस्करून घालतात. पूर्वी अंडी व दुग्धजन्य पदार्थांवरही निर्बंध होते. परंतु दानाच्या मोबदल्यात सवलत देणाऱ्या ‘क्रूसेडच्या बुला’ या पोपच्या आज्ञापत्रामुळे स्पेनमध्ये ते बरेच सैल झाले होते.

या सवलतीशी सुसंगत असा सर्वांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे तोर्रिखा. शिळ्या पावाचे जाड काप दालचिनी व लिंबाची साल घालून उकळलेल्या दुधात किंवा वाइनमध्ये भिजवून, अंड्यात बुडवून तळतात आणि साखरेत घोळवतात किंवा मधात मुरवतात. आज तो पवित्र सप्ताहाशी जोडला गेला असला, तरी त्याचे मूळ नाते या सप्ताहाशीच होते असे म्हणता येत नाही: खुआन देल एन्सिना या कवीच्या 1496 मध्ये छापलेल्या संग्रहातील ख्रिस्तजन्माच्या गीतात तोर्रिखांसाठी मध व अंडी आणल्याचा उल्लेख येतो, आणि बाळंतिणीला तोर्रिखा खाऊ घालण्याची प्रथाही दीर्घकाळ होती. अंदालुसियात याच दिवसांत तिळाच्या स्वादाचे, मधात घोळवलेले पेस्तिन्योस हे पिठाचे गोड पदार्थ तळले जातात.

ईस्टर उजाडल्यावर अंडे सणाचे चिन्ह म्हणून पुढे येते. कॅटलोनिया व वालेन्सियात धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा) आपल्या धर्मपुत्राला किंवा धर्मकन्येला ‘मोना दे पास्क्वा’ देतो. मूळचा हा गोड पाव असून त्यात कवचासह उकडलेले अंडे बसवलेले असते. बार्सिलोनाच्या मिठाईवाल्यांनी मात्र त्याचे रूपांतर चॉकलेटच्या शिल्पांत केले आहे, आणि त्यात कौशल्याची चढाओढ पावाच्या चवीवर मात करते. वालेन्सियात मोनातले अंडे दुसऱ्याच्या कपाळावर फोडण्याची गंमत चालते.

सालामांका या विद्यापीठाच्या शहरात मांसाचे पुनरागमन होते ते ओर्नासोच्या रूपाने. चोरिसो (डुकराच्या मांसाचे सॉसेज), हॅम व डुकराचे मांस भरून भाजलेला हा भरगच्च पाव ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, ‘लुनेस दे आग्वास’ या दिवशी, तोर्मेस नदीकाठी सहलीला नेतात. पवित्र काळात शहराबाहेर ठेवलेल्या वेश्या याच दिवशी नदी ओलांडून परत येत व विद्यार्थी त्यांचे स्वागत करीत, अशी या दिवसाच्या उगमाची कथा सांगितली जाते.